दहा सेकंदांची धाव

मैदानांबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं, तेव्हापासून पालकांचा एकच प्रश्न येतोय: पोरांच्या मनगटाला हालचाल मोजणारा पट्टा बांधावा का? बांधा हवं तर. पण मुलं पळतात कशी, ते आधी खिडकीतून नीट बघा.

परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लगोरी रंगली होती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी फरशीचे तुकडे रचायला झेपावली, चेंडू चुकवत खांबामागे पळाली आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली. धाव जेमतेम दहा सेकंदांची. मुलांचं खेळणं असं तुकड्यातुकड्यांचंच असतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांची हालचाल दर ३ सेकंदांनी टिपली होती. त्यांच्या जोरकस हालचालींपैकी ९५ टक्के १५ सेकंदांच्या आत संपत होत्या.

अभ्यासासाठी मुलांच्या कमरेला बांधतात त्या पट्ट्यातला सेन्सर प्रत्येक हिसका टिपतो. पण किती वेळाची बेरीज एकत्र धरायची, हे माणूस ठरवतो. मिनिटाची बेरीज धरली की लगोरीतल्या त्या मुलीची दहा सेकंदांची धाव उरलेल्या पन्नास सेकंदांच्या थांबण्यात विरघळते. जीव तोडून पळालेली पोर कागदावर रमतगमत चाललेली दिसते! म्हणून मुलांसाठी १५ सेकंदांची किंवा त्याहून छोटीच बेरीज धरावी, असा माझा आग्रह आहे. शिवाय कमरेवरच्या सेन्सरला सायकल चालवणं धड कळत नाही. घरी पट्टा बांधलात, तर रात्री त्यातला आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचून मुलांना बोलू नका.

तरीही मोजायलाच हवं, कारण काही गोष्टी मोजल्याशिवाय आपण कबूल करत नाही. ब्रिटनच्या ‘मिलेनियम कोहोर्ट’ अभ्यासात २००८-०९मध्ये सात वर्षांच्या सुमारे साडेसहा हजार मुलांच्या कमरेला असा पट्टा होता. दिवसाला तासभर मध्यम ते जोरकस हालचाल मुलग्यांमध्ये ६३ टक्क्यांची होत होती, मुलींमध्ये फक्त ३८ टक्क्यांची. भारतीय वंशाची मुलं सगळ्यात मागे पडलेल्या गटांत होती. सातव्या वर्षी मुलीच्या पायांत बळ कमी असतं, हे मला कुणी सांगू नये.

परवाचा डाव साडेसहाला मोडला. त्या मुलीला वरून हाक आली, धाकट्याला धर म्हणून. मुलगे अंधार पडेपर्यंत खालीच होते.