अनोळखी घोडीवरची परीक्षा

आमच्या जिवतीच्या डोंगरावर बैलाची पारख शेंबड्या पोरालाही असते, घोड्याचे मात्र आम्हां कोणाला काही कळत नाही. आमचे वडील नांदेडकडून इकडे आले. लहानपणी माळेगावच्या यात्रेत घोडे बघायला जायचो, असे ते सांगत. बघायला, एवढेच. दर विचारायची हिंमत नव्हती.

त्यांची नात, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीचे शिकते आणि एनसीसीत घोड्यावर बसते. गेल्या हिवाळ्यात तिची पहिली ड्रेसाजची परीक्षा होती, म्हणून आम्ही गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर करीत एसटीने पोहोचलो. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने सुवर्णपदक मिळवले, मुंबईचा हृदय छेडा ज्या चमूत होता, तोच हा प्रकार.

यात शर्यत नाही, उडी नाही. वीस मीटर रुंद, चाळीस मीटर लांब आखलेले मैदान, कडेने अक्षरांच्या पाट्या. कुठून चालत जायचे, कुठे दुडकी धरायची, कुठे रिंगण घ्यायचे, कुठे थांबून परीक्षकाला सलाम करायचा, सारे आधी ठरलेले. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. गंमत अशी की तोंडाने चुचकारले तर गुण कापतात. आमचा बैल तर निम्मा तोंडावरच चालतो! इथे जे सांगायचे ते पोटरीने, बैठकीने आणि लगामावरच्या बोटांनी.

आदल्या संध्याकाळी तिचा रोजचा घोडा लंगडू लागला. बदली एक घोडी मिळाली, जिच्यावर ती कधी बसली नव्हती. फोनवर हे ऐकताच बहीण म्हणाली, "दादा, पोरीला बसू देऊ नको. चाळीसगाव आठवते ना?"

जुन्या वाचकांना चाळीसगाव सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले आणि तासभर खोळंबले. एकही टांगेवाला महार उतारू न्यायला तयार नव्हता. आपल्या माणसांना तर बाबासाहेबांनी पायी यावे हे पटेना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. टांगा हाकणे हा त्याचा धंदा नव्हता. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, कडेला नुसते दगड. तिथे घोडा एकाएकी वळून उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, त्या माणसाची गाळण कशी उडाली तेही.

लहानपणी आम्हाला त्या हाकणाऱ्याचा फार राग यायचा. आता येत नाही. त्या घोड्याची खोड ज्याला माहीत होती तो मालक टांगा देऊन बाजूला राहिला. ह्याने विचारायचे कोणाला?

भाचीला आम्ही आईचे म्हणणे सांगितले. ती म्हणाली, "मामा, म्हणून तर आधी मोतद्दारकाकांकडे चालले." तासभर ती त्यांच्याजवळ उभी होती. घोडी तोंडाची मऊ आहे, लगाम ओढू नको. डावीकडे वळायला जड. टाच सोसत नाही, पोटरी पुरे. छत्री दिसली की थबकते. आणि परीक्षकांच्या टेबलावर छत्रीच लावलेली होती.

सकाळी सरावाला वीसेक मिनिटे मिळाली. तिने लगाम सैल सोडून दोन्ही बाजूंनी नुसते चालवले, मग थांब-चल, थांब-चल. नवे काही शिकवायला गेली नाही. टोकियो ऑलिंपिकची गोष्ट तिनेच सांगितली. २०२१ साली तिथे मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये चिठ्ठीने मिळालेल्या घोड्याशी वीस मिनिटांत ओळख करून उड्या घ्यायच्या होत्या. आघाडीवरच्या जर्मन मुलीचा घोडा ऐकेना, ती रडकुंडीला आली, प्रशिक्षिकेने तर घोड्याला ठोसा मारला. २०२४ च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली.

परीक्षा पाच-सहा मिनिटांची असेल, आम्हाला ती लांबच लांब वाटली. पहिल्या सलामाला घोडी वाकडी उभी राहिली. डावे रिंगण अंड्यासारखे झाले. छत्रीपाशी घोडीने मान झटकली, कान मागे टाकले. आमचा श्वास अडकला. पोरीने लगाम ओढला नाही, पोटरी तेवढी लावून ठेवली. दोन पावले घोडी अडखळली आणि पुढे गेली. शेकडा चौपन्न गुण पडले. नंबर आला नाही.

बाहेर येताच तिने लगाम मोतद्दारकाकांच्या हाती दिला आणि छत्रीपाशी काय झाले ते त्यांना सांगत बसली. आम्ही बहिणीला फोन लावला. तिने गुण विचारले नाहीत.

"पाय धड आहेत ना तिचे?" एवढेच विचारले.