विश्लेषण : हिवतापाची ‘रॅपिड’ चाचणी गावात गेल्यावर किती विश्वासार्ह?

पावसाळ्यात गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यात तापाचा रुग्ण आढळला की आशा सेविका त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेते. २० मिनिटांत किटवर रेघ उमटते आणि उपचार ठरतो. काचपट्टीवरील रक्तनमुना तालुक्याला जाऊन अहवाल परत येईपर्यंत दिवस जातात. फाल्सिपेरम हिवतापात तेवढा उशीर जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या रेघेवर किती विसंबायचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

चाचणी नेमके काय शोधते?

किट जंतू नव्हे, तर जंतूंची प्रथिने शोधते. भारतात वापरल्या जाणाऱ्या दुहेरी किटमध्ये फाल्सिपेरमसाठी ‘एचआरपी-२’, तर व्हायवॅक्ससाठी ‘पीएलडीएच’ हे प्रथिन तपासले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत किटची कसोटी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये २०० जंतू या पातळीवर लागते. जंतू त्याहून बरेच कमी असतील, तर रेघ उमटेलच असे नाही.

गावात निकाल का बदलतो?

बहुतेक किट ३० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत साठवायची असतात. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतील किंवा वाहनातील तापमान याच्या पुढे जाते. पाकीट आधीच फोडून ठेवले तर दमट हवेने पट्टी खराब होते. रक्त कमी-जास्त घेणे, द्रावणाचे थेंब चुकणे, ठरलेल्या वेळेआधी किंवा फार उशिरा वाचन करणे, अंधूक उजेडात पुसट रेघ नजरेतून सुटणे, या चुका प्रयोगशाळेत क्वचित होतात. गावात होऊ शकतात.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हिवतापच का?

दरवेळी नाही. उपचारानंतर जंतू मेले तरी ‘एचआरपी-२’ रक्तात काही आठवडे राहते. त्यामुळे महिन्याभरापूर्वी बरा झालेला रुग्ण दुसऱ्याच तापाने आला, तरी पॉझिटिव्ह दिसू शकतो. दुसरा मुद्दा गणिताचा. समजा, किट ९५ टक्के रुग्ण बरोबर ओळखते आणि हिवताप नसलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. तापाच्या १,००० रुग्णांत १०० जणांना हिवताप असेल, तर ९५ खरे आणि ४५ खोटे पॉझिटिव्ह मिळतील. पण हिवताप फक्त २० जणांना असेल, तर खरे १९ आणि खोटे ४९! किट तेच, पण रोग कमी झाला की पॉझिटिव्हचा अर्थ बदलतो.

‘निगेटिव्ह’ आल्यावर काय?

काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये ‘एचआरपी-२’ तयार करणारे जनुकच नसते. असे जंतू पेरूमध्ये आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातही कमी प्रमाणात ते सापडले आहेत. या जनुकांच्या अभावामुळे ५ टक्क्यांहून अधिक फाल्सिपेरम रुग्ण चाचणीतून निसटत असतील, तर किट बदलावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ताप उतरत नसेल, तर निगेटिव्ह निकालावर थांबून चालत नाही. काचपट्टीची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला लागतोच.

पडताळणी कशी व्हायला हवी?

एकाच रुग्णाचे किट आणि काचपट्टी एकाच वेळी घ्यावी. काचपट्टी दोन तज्ज्ञांनी, किटचा निकाल न पाहता, स्वतंत्रपणे वाचावी. मतभेद झाल्यास पीसीआरने निर्णय व्हावा. किट मात्र गोदामातून आणलेले ताजे नको. उन्हाळा काढलेले, उपकेंद्राच्या कपाटातले हवे आणि चाचणी आशा सेविकेनेच करावी. वापर जिथे होतो, तिथलीच परीक्षा खरी.

२०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे भारताचे उद्दिष्ट आहे. रुग्ण जसे घटतील, तसा प्रत्येक चुकीचा निकाल महाग पडेल. किती किट वाटली, याचा हिशेब यंत्रणा ठेवतेच. त्यातली किती खरे बोलली, याचाही हिशेब दरवर्षी, जिल्हानिहाय जाहीर व्हायला हवा.