गाडीचे माहेरचे नाव

माणसाने आपल्या गाडीच्या पाटीवर काय काय करावे याला धरबंध नाही, हे पुण्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको. २१४ चे ‘राम’, ४१४१ चे ‘दादा’ आणि ८०५५ चा ‘बॉस’ करणारे कलावंत आमच्या गल्लीतच तीन आहेत. मराठीचा अध्यापक म्हणून मला त्यांचे कौतुकच वाटते. वर्गात श्लेष शिकवताना माझा घसा बसतो आणि ही मंडळी तो नुसत्या आकड्यांतून साधतात! पोलिसाला श्लेष रुचत नाही आणि तो दंड करतो, ही गोष्ट वेगळी.

पण हीच हौस रीतसर पावती फाडून पुरी करायची असेल, तर इंग्रजांच्या देशात जावे. तिथे मोटारींना नंबर लावणे १ जानेवारी १९०४ पासून सक्तीचे झाले. लंडनचा ‘ए १’ हा नंबर मिळावा म्हणून अर्ल रसेल, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू, रात्रभर रांगेत उभे होते असे सांगतात. १९८९ पासून तर खुद्द सरकारच मनपसंत नंबर विकू लागले. त्या गिऱ्हाइकांत आमचे काकाही एक.

काका म्हणजे माझ्या सिंधूमावशीचे यजमान. लग्नानंतर दोघे लेस्टरला गेली ती तिथलीच झाली. काकांनी १९९३ साली जो नंबर घेतला तो असा : के ४ एम. एल. ए. चाराच्या आकड्याकडे जरा डोळे किलकिले करून पाहिले, की त्याचा ‘ए’ होतो आणि ‘कमला’ असे नाव उमटते. कमला हे मावशीचे सासरचे नाव. गाडीचा फोटो पहिल्यांदा घरी आला तेव्हा माझे वडील नुसते ‘एम. एल. ए.’ वाचून म्हणाले होते, “आमचे साडू तिकडे आमदार झाले की काय?”

गंमत पुढेच आहे. ‘के’ हे अक्षर ऑगस्ट १९९२ नंतरच्या गाड्यांचे. जुन्या गाडीला नव्या सालचे अक्षर लावून तिचे वय चोरायला तिथे मनाई आहे. (बायकांना नसलेला हा नियम गाड्यांना का, असे मी एकदा म्हणालो होतो. घरी त्या दिवशी चहा मिळाला नाही.) काकांची तेव्हाची गाडी १९८९ ची. मग काय, नंबरासाठी नवी गाडी आली! आधी खोगीर, मग घोडा. तेव्हापासून काकांनी चार गाड्या बदलल्या, पण नंबर तोच राहिला. मावशीची स्वतःची एक लहानशी गाडी होती. तिच्यावर मात्र सरकारने दिलेला कसलासा नंबर. मावशीचे नाव मिरवे काकांची गाडी!

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लेस्टरला गेलो, तर काकांनी गाडी चालवणे सोडलेले. तिथे वीस मीटरांवरून दुसऱ्या गाडीची पाटी वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. काका दर महिन्याला वीस मीटर मोजून उभे राहत आणि आपलीच पाटी वाचत. ती पाठच होती, तेव्हा नापास होण्याचा प्रश्नच नव्हता! पण एके दिवशी त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहिले आणि त्यांना एक अक्षर लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून परवाना परत पाठवला. गाडी भंगारात द्यायचे ठरले. भंगारवाला गुरुवारी येणार होता.

मंगळवारी मावसभावाचा फोन आला : “बाबांनी नंबर काढून घेतला ना? नाही तर गाडीबरोबर तोही जाईल.” काका चपापले. तीस वर्षे ते नंबर आपल्या मालकीचा समजत होते. खरे म्हणजे नंबर कोणाच्याच मालकीचा नसतो. मिळतो तो लावण्याचा हक्क, आणि तोही गाडीला चिकटलेला.

मी संगणकापुढे बसलो. स्वान्सीच्या कचेरीचे नियम सरळ आहेत. गाडी चालती असावी, तिचे कागद पुरे असावेत, आणि लॉगबुकावरचा क्रमांक व ८० पौंड भरावेत. मग नंबर सुटा होतो. तो दहा वर्षे नुसता जपून ठेवता येतो किंवा लगेच दुसऱ्या गाडीला लावता येतो. सोडलेल्या गाडीला बहुधा तिचा मूळचा नंबर परत मिळतो.

नंबर सुटला. मी गमतीने म्हणालो, “मावशी, गाडीला माहेरचे नाव परत मिळाले बघ!”

मावशी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. “ऐंशी पौंडांत?” ती म्हणाली. “मला नाही कुठल्या कचेरीतून मिळालं.”

काकांनी मान वर केली.

“ताटात तांदूळ पसरून अंगठीनं यांनी नाव लिहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. सिंधू म्हणून हाक मारणारी तुझी आई होती, ती गेली. आता तू एकटा उरलास, तोही मागे मावशी लावून.”

“हे कधी बोलली नाहीस,” काका म्हणाले.

“तुम्ही पैसे मोजून गाडीवर लिहिलंत. त्यावर काय बोलायचं?”

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. विवाहसंस्कारांवर मी वर्गात दरवर्षी तासभर बोलतो, पण तांदळाच्या त्या ताटाच्या पलीकडे कोण बसलेले असते, हे माझ्या टिपणांत कुठेच नाही.

सकाळी मावशीनेच विषय काढला. “लाव तो नंबर माझ्या गाडीला. पन्नास वर्षं कमला म्हणून बँकेत सह्या मी केल्या, शाळेत पोरं मी शिकवली. नाव यांनी दिलं असेल, पण वापरून वापरून ते माझं झालंय. फक्त आता किल्ली माझ्याकडे राहील.”

लावण्याला वेगळे पैसे पडले नाहीत. विम्याच्या कंपनीला कळवले, नव्या पाट्या करून आणल्या. गुरुवारी जुनी गाडी आपले पहिले नाव घेऊन गेली.

शनिवारी मला विमानतळावर सोडायला दोघे निघाली. काका सवयीने वीस मीटर दूर उभे राहिले. काही दिसेना, तसे ते एकेक पाऊल पुढे आले आणि पाटीला हात लावून त्यांनी अक्षरे वाचली. मग डावीकडे बसून पट्टा लावत ते हळूच म्हणाले, “चल, सिंधू.”

मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि गाडी सुरू केली.