डोळ्यांची हालचाल आणि जुनी जखम

अपघात, महापूर, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू. अशा प्रसंगाची आठवण काहींच्या मनात वर्षानुवर्षे जुनी होतच नाही. रात्री दचकून उठणारे आजोबा ‘काही नाही’ म्हणत कूस बदलतात आणि घरचे ते वयावर ढकलतात. दोष नेहमी वयाचाच नसतो.

अशा आघातावर ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धती वापरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी तिच्यावरील पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली. रुग्ण त्या प्रसंगातील सर्वांत बोचरे दृश्य मनात आणतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. मन दोन कामांत गुंतल्याने त्या दृश्याची धार बोथट होते, असे एक स्पष्टीकरण आहे. नजरेचा वाटा नेमका किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. आठवण पुसली जात नाही, तशी अपेक्षाही नसावी. मात्र घडलेले सारे तपशीलवार सांगावे लागत नाही. आयुष्यभर मनातले मनातच ठेवलेल्या पिढीला ही सवलत मोठी वाटते.

नजर अधू असल्यास हातांवर आळीपाळीने हलके थोपटूनही उपचार होतो. फिट्स, हृदयविकार वा स्मृतिभ्रंश असल्यास आधीच सांगावे. पडद्यावरचा हलता ठिपका पाहून घरी हा प्रयोग कदापि करू नये. उसळलेली आठवण सावरायला जाणकार शेजारी हवा. सत्रानंतर थकवा, अस्वस्थ स्वप्ने संभवतात. तेव्हा ‘आज काय बोललात?’ असे विचारू नये. जेवण वेळेवर द्यावे आणि त्यांना निवांत बसू द्यावे.