मागच्या खोलीचा हिशेब

घराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक उघडले, की पहिले पान बहुधा दिवाणखान्याचे असते. छताची सजावट, संगमरवरी फरशी, दिवे, सोफे. न्हाणीघर, कोठीघर आणि धुण्याची मोरी यांची बोळवण शेवटच्या पानावर ‘इतर कामे’ या एका ओळीत झालेली आढळते. वस्तुतः दिवाणखाना पाहुणे आले म्हणजे उजळतो. घरच्या माणसांचा दिवस मात्र या ‘इतर कामां’तच जातो.

बार्शी, लातूर, अहिल्यानगर यांसारख्या गावांच्या बाजारपेठांत आजही अशी जुनी घरे आढळतात, की रस्त्याला दुकान, त्यामागे लहानसा चौक, चौकापलीकडे एक खोली, तिच्यामागे बोळ आणि बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. जिना अरुंद व उभा. वडीलधाऱ्यांनी सत्तरी ओलांडली आणि गुडघे कुरकुरू लागले, की आजीचे खाली उतरणे कमी होत जाते. प्रथम बाजार सुटतो, मग शेजार, पुढे मंदिरही. चौकामागच्या खोलीत तिची सोय सहज होऊ शकते. परंतु ती खोली रिकामी खोकी, मोडके तराजू आणि पिढीजात वह्या यांनी व्यापलेली असते.

प्रारंभ वह्यांपासूनच करावा. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. एखादे अपील अथवा चौकशी चालू असल्यास त्याहून अधिक काळ. मालमत्तेचे दस्तऐवज, वाटणीपत्रे, कर्जफेडीचे दाखले वेगळे काढून ठेवावेत आणि उरलेल्या जुन्या दप्तराबाबत आपल्या कर सल्लागाराचा एकदा होकार घ्यावा. आजोबांच्या हातची एखादी लाल वही आठवण म्हणून राहिली तर ते उचितच आहे. पण चाळीस वर्षांच्या वह्यांना खालची ऐसपैस खोली आणि आजीला जिना, ही वाटणी कोणत्याही जमाखर्चात बसणारी नाही.

आता मोजमाप. खोली दहा फूट रुंद आणि सोळा फूट खोल आहे, असे धरू. बोळाच्या बाजूचा पाच फुटांचा पट्टा साडेचार इंची विटेच्या भिंतीने वेगळा केला, तर चौकाकडे उजेड असलेली सुमारे १०६ चौरस फुटांची खोली उरते. राष्ट्रीय इमारत संहिता राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट सांगते, तेवढे साधते. मागच्या पट्ट्यात पाच फूट बाय साडेसात फुटांचे न्हाणीघर बसते. पलीकडे दोन फुटांची जी पट्टी राहते, तिला खोलीकडून दार देऊन फळ्या ठोकाव्यात. अंथरुणे, औषधे आणि जपायच्या वह्या तेथे मावतात.

शौचालयासह न्हाणीघराला संहितेने २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट, आणि १.२ मीटर रुंदी पुरेशी मानली आहे. धडधाकट माणसाला ती पुरते. मात्र चाकांची खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा हवी, म्हणून येथे साडेसात चौरस फूट अधिक धरले आहेत. कमोड एका टोकाला असावा, हात धुण्याचे भांडे लहान व भिंतीत बसवलेले असावे.

दाराबाबत मिस्त्री सवयीने अडीच फूट म्हणतो. चौकट वजा जाता त्यातून जेमतेम सव्वादोन फुटांची वाट मिळते. मोकळी वाट तीन फुटांचीच मागावी. दार बाहेर उघडावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच माणसाच्या अंगाने अडते आणि मदत बाहेर खोळंबते. उंबरठा नसावा, पाणी अडवण्याचे काम उताराकडून करून घ्यावे आणि न्हाणी ट्रॅप दारापासून दूरच्या कोपऱ्यात बसवावा. कमोडशेजारी आधाराचा दांडा लागतोच. तो संपूर्ण देहाचा भार घेतो, म्हणून त्या बाजूला पोकळ पडदी चालत नाही. फरशी खरबरीत असावी. चकचकीत फरशीचा मोह दिवाणखान्यात पुरवून घ्यावा. वर ऐकू जाईल अशी घंटा बसवायला विसरू नये. तिचा खर्च नगण्य आहे.

वरच्या मजल्यावर थोडेच, पण महत्त्वाचे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात सायंकाळी पाच ते साडेसहा या वेळेत सगळे स्वयंपाकघर एकदमच धावत असते. दोन बायकांना पाठीला पाठ न लागता वावरता यावे, एवढे अंतर ओट्यासमोर ठेवावे आणि गाळलेल्या व उकळलेल्या पाण्याच्या भांड्यांना स्वतंत्र जागा द्यावी. न्हाणीघर मात्र दुकानाच्या मालावर येऊ देऊ नये. खाली कापड किंवा धान्य असेल, तर छतातून हळूहळू झिरपलेले पाणी भारी पडते. नळ फुटून झालेले नुकसान विम्यात बसू शकते. झिरपण्याचे सहसा बसत नाही.

पैशाचे गणितही येथेच मांडलेले बरे. दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून घराचे काम उरकण्याची पद्धत रूढ आहे. ती टाळावी. त्या रकमेचे व्याज धंद्याचा खर्च ठरत नाही आणि ऐन हंगामात माल भरायला मर्यादा शिल्लक राहत नाही. स्वतंत्र दुरुस्ती कर्ज घेतल्यास, स्वतः राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. दोन लाखांची मर्यादा घराच्या खरेदीसाठी वा बांधकामासाठी आहे आणि दोहोंची गल्लत वारंवार होते. नऊ टक्के दराने सुमारे साडेतीन लाखांच्या कर्जाचेच व्याज त्या वजावटीत पहिल्या वर्षी जवळजवळ संपते. मागच्या खोलीचे काम आधी करावे, म्हणजे पैसा कमी पडला तर कात्री छताच्या सजावटीला लागते.

कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी न्हाणीघराचा ट्रॅप बंद करून, दारात विटा-सिमेंटचा तात्पुरता बांध घालून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरावे आणि अठ्ठेचाळीस तास तसेच राहू द्यावे. पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करावी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भिंतींना तळहात लावून ओल पाहावी. ही चाचणी फरशी बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा, अशी दोनदा घेण्याची अट करारात प्रारंभीच लिहून ठेवावी.