मुसळी कुणाची? खणणाऱ्यांची!



पाऊस ओसरायला लागला की मुसळीचे व्यापारी पाड्यापाड्यांवर फिरायला लागतात. यंदाही फिरतील. ओली मुळी मापून घेतील, हातावर थोडे पैसे टेकवतील आणि जातील. तीच मुळी शहरात डबीत बसते. डबीवर घोड्याचं नाहीतर पैलवानाचं चित्र, आणि लिहिलेलं असतं: मर्दानी ताकद, जोम, पुरुषांच्या हार्मोनसाठी जंगलाची देणगी. जंगलाचं नाव डबीवर येतं, जंगलात राहणाऱ्याचं येत नाही. म्हणून या अंकात मुसळीबद्दल चार गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत.

पहिली गोष्ट, ही ओळख आपली आहे. पहिल्या पावसात हिचीच कोवळी पानं आपण भाजीला खुडतो. कुणी फोडशी म्हणतं, कुणी कुळू. अनेक पाड्यांवर नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मुळी देणारे आपले भगत आणि म्हाताऱ्या बाया कुठल्या कॉलेजात शिकल्या नाहीत. शास्त्रज्ञांनी या झाडाला नाव दिलं क्लोरोफायटम बोरिविलिएनम. बोरिविली म्हणजे मुंबईचंच बोरिवली, तिथल्या जंगलावरून हे नाव पडलं. झाडाच्या नावात बोरिवली कायमची राहिली, पण तिथल्या पाड्यांवरचे आदिवासी अजून आपल्या घरासाठी झगडतायत.

दुसरी गोष्ट ताकदीची. मुसळी पौष्टिक आहे, आपल्या वाडवडिलांनी ती खाल्ली, आपणही खाऊ. पण डबीवरचे दावे वेगळे. हार्मोन वाढतो, वीर्य वाढतं, हे बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेत. माणसांवरचे मोठे, पक्के प्रयोग फार थोडे आहेत. शिवाय ताकदीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही ‘जडीबुटी’ पुड्यांत इंग्रजी गोळीचं औषध, सिल्डेनाफिल, गुपचूप मिसळलेलं तपासणीत सापडलंय. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी धरणाऱ्या माणसानं अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. आठवडे बाजारात मोटारीला भोंगा लावून विकणाऱ्याकडून ताकदीची पुडी घेऊ नका. आपलीच मुळी दळून, भलतं काही मिसळून, दसपट भावानं आपल्यालाच विकायची हा कसला धंदा?

आणि आपला गडी थकतो कशानं? ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर सहा महिने बाहेर, उघड्यावर झोप, दिवसाला दोनदा भाकर-मिरची. अंगात रक्त कमी. आपल्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, त्यात थकवा येतो, सांधे दुखतात. हा थकवा पुडीनं जात नाही. रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मागा, लाजू नका. पोटभर जेवण आणि गावातच रोजगार, हे आपल्या माणसाचं खरं टॉनिक.

तिसरी गोष्ट, मालकीची. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज म्हणजे काय ते लिहिलंय. त्यात औषधी वनस्पती, मुळं, कंद स्पष्ट आहेत. कलम 3(1)(सी) म्हणतं, पूर्वापार गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर मालकी, ती गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा आपला हक्क. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेनं नेमलेली समितीच देते. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं 2011 साली बांबूसाठी हेच करून दाखवलं. मग मुसळीची पिशवी नाक्यावर अडवली तर घाबरायचं कशाला? ग्रामसभेचा ठराव आणि समितीचा परवाना सोबत ठेवा.

याच कायद्याचं कलम 3(1)(के) म्हणतं की जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क आहे. पण दुसरीकडे 2023 साली जैवविविधता कायदा बदलला. ग्रंथात लिहिलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभातला वाटा देण्यातून मोठी सूट मिळाली. म्हणजे कंपनी म्हणणार, मुसळी तर पोथीत आहे, आदिवासीला कशाचा वाटा? आमचं उत्तर साधं आहे. पोथीत नाव असतं. कुठल्या उतारावर, कुठल्या झाडाखाली, कुठल्या महिन्यात मुळी धरते हे पायानं चालणाऱ्यांनी जपलं.

वाटा मिळणं अशक्य नाही. केरळात अगस्त्य डोंगरातले कानी आदिवासी चालताना आरोग्यपच्चा नावाच्या झाडाची फळं खातात आणि थकत नाहीत, हे 1987 साली शास्त्रज्ञांनी पाहिलं. त्यातून ‘जीवनी’ नावाचं औषध निघालं. परवान्याचे 10 लाख आणि विक्रीवर 2 टक्के रॉयल्टी ठरली, आणि त्यातला अर्धा वाटा कानींचा. त्यासाठी 1997 साली त्यांनी स्वतःचा ट्रस्ट केला. पण औषधाला लागणारी पानं काढायला वनखात्याची आडकाठी आली आणि गाडं अडलं. यातून शिकायचं ते हेच की जंगल हातात नसेल तर कागदावरचा वाटा लवकर आटतो.

चौथी गोष्ट, आणि ही आपल्याच हातात आहे. मुसळी संपत चाललीय. जिथं पोतं भरायचं तिथं आता टोपली भरत नाही. व्यापारी घाई करतो म्हणून काही गावांत पानं हिरवी असतानाच खणतात. तेव्हा मुळी भरलेली नसते आणि बी पडलेलं नसतं. बियाणं फार थोडं उगवतं, त्यामुळे माथ्याची चकतीच नवं झाड देते. तीही उपटली तर पुढच्या वर्षी त्या जागी काय येणार? मालकी म्हणजे राखणही. कलम 5 नं ती राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. आम्ही सुचवतो, प्रत्येक ग्रामसभेनं हे ठराव करावेत:

1. पानं पिवळी पडून सुकल्याशिवाय, बी गळल्याशिवाय कुणीही खणायचं नाही.
2. मोठ्या मुळ्या काढायच्या, माथ्याची चकती कोंबासकट तिथंच पुरायची. लहान झाडाला हात लावायचा नाही.
3. जंगलाचे भाग पाडायचे, एक भाग आळीपाळीनं विश्रांतीला ठेवायचा.
4. ओली मुळी विकायची नाही. सोलून, वाळवून, सगळ्यांची एकत्र विकायची. चार-पाच किलो ओलीची जेमतेम एक किलो सुकी होते, व्यापाऱ्याचा नफा याच हिशोबात आहे.
5. बाहेरच्यानं ग्रामसभेच्या ठरावाशिवाय खणायचं नाही.

आणखी एक. डबी पुरुषाच्या ताकदीची, पण आपल्याकडं मुळी खणायला आणि सोलायला बसतात जास्त करून बाया. सोलून सोलून बोटं त्यांची चिरतात, भाव ठरवायला मात्र पुरुष जातात. विक्रीच्या समितीत निम्म्या बाया असल्याच पाहिजेत आणि पैसे खणणारीच्या हातात पडले पाहिजेत.

तेव्हा व्यापारी येण्याआधी ग्रामसभा बोलवा. हा अंक सभेत मोठ्यानं वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं म्हणणं आधी ऐका, कारण मुसळीचं जास्त त्यांनाच कळतं. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत संघटनेकडं पाठवा.

जंगल आमच्या हक्काचं, राखूही आम्ही, विकूही आम्ही!