भिंतीला स्वेटर

आमच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत नऊ इंची विटांची. बाकी तीन भिंती सभ्य आहेत. ही मात्र दुपारी तीनला खाल्लेलं ऊन रात्री दहाला ओकते. एसी बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा तापलेली. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं हॉलमध्ये गादी टाकून झोपलो, चालून गेलं. यंदा मे महिन्यात तिसरा मेंबर येतोय. बायको म्हणाली, "तेव्हा आपण हॉलमध्ये कॅम्पिंग करणार नाहीयोत." मुद्दा बिनतोड!

बेस्ट उपाय म्हणजे बाहेरून इन्सुलेशन. मग वीट फारशी तापतच नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, 'एलेव्हेशन बदलतं.' विषय संपला. राहिलं आतून. जीआय चॅनेलची फ्रेम, त्यात ५० मिलिमीटर रॉकवूल, वरून जिप्सम बोर्ड. ढोबळ हिशेबाने, उष्णता अडवायला हे ५० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन फुटी विटांची भिंत. मी जागेवरच हो म्हणणार होतो.

पण कॉन्ट्रॅक्टर काकांनी पलंगामागे हात घातला. कोपऱ्यात पोपडे. "साहेब, ही ओल झाकली तर आत बुरशी धरेल, तुम्हाला दिसणार पण नाही. आधी बाहेरच्या भेगा भरा." हातचं काम पुढे ढकलणारा कॉन्ट्रॅक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. भेगा भरल्या (त्यात एलेव्हेशन येत नाही म्हणे!), भिंत खडखडीत वाळेपर्यंत थांबलो.

मग टेप काढला. दहा फुटी खोलीतले तीन इंच जाणार. तीन इंच म्हणजे काय, हे पलंग, कपाट आणि पाळणा एका रांगेत मांडून बघा म्हणजे कळेल. शेवटी एक साइड टेबल गेलं. माझंच, अर्थात. स्विचबोर्ड पुढे घ्यायला इलेक्ट्रिशियन लागला, तो खर्च मी धरलाच नव्हता. आणि शेल्फ टांगायचं असेल तिथे बोर्डामागे आधीच प्लाय टाकून घ्या, नुसत्या जिप्सममध्ये खिळा टिकत नाही. कुणी स्वस्तात थर्माकोल सुचवेल. तो पेट घेतो, मी तरी नको म्हटलं.

काल रात्री अकराला उठून भिंतीला हात लावला.

"काय, ताप उतरला का?" बायकोने अंधारातूनच विचारलं.

उतरलाय. खिडकीतून येणारं ऊन मात्र भिंत अडवत नाही. तिथे बाहेरून बांबूची चिक लावायचीय, या शनिवारी.